येण्याजाण्याच्या वाटेवरची खोली

घरात स्वतःची वेगळी खोली मिळाली, की खासगीपणाचा प्रश्न सुटला, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तर ही एक जास्तीची खोली मिळविण्यात माणसांच्या उमेदीची वर्षे खर्ची पडतात. विसाव्या शतकातील साहित्यावर खोल ठसा उमटविणारा जर्मन भाषक लेखक फ्रान्झ काफ्का याला आई-वडिलांच्या घरात अशी खोली होती. तिला भिंती होत्या, दारे होती, खिडकीतून नदी दिसत होती. तरीही आपल्याला एकांत नाही, ही त्याची कायमची तक्रार राहिली. त्याच्या जेमतेम चाळीस वर्षांच्या आयुष्याकडे या एका तक्रारीच्या अंगाने पाहिले, तर रोजच्या जगण्यात माणसाला खासगीपण कशासाठी लागते आणि ते नेमके कोण हिरावून घेते, हे उमगू लागते. हे उमगणे काहीसे अस्वस्थ करणारे आहे. कारण हिरावून घेणारे बहुधा परके नसतात.

काफ्काचा जन्म ३ जुलै १८८३ रोजी प्राग शहरातील एका ज्यू कुटुंबात झाला. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा भाग होते. वडील हेरमान हे दक्षिण बोहेमियातील एका खेड्यातल्या खाटकाचे पुत्र. अपार कष्ट करून त्यांनी प्रागमध्ये फॅन्सी वस्तूंचे दुकान थाटले होते. दणकट बांधा, मोठा आवाज आणि स्वतःच्या मतांविषयी तिळमात्र शंका नाही, असा त्यांचा स्वभाव होता. आई युली दिवसभर दुकानात राबत असे. फ्रान्झच्या पाठचे दोन भाऊ अगदी तान्हेपणी दगावले. त्यानंतर एली, वाली आणि ओटला या तीन बहिणी जन्मल्या.

प्रागच्या जुन्या इमारतींना आतल्या चौकाच्या बाजूने लांबट सज्जा असे. आपल्या चाळीतील गॅलरीचाच तो एक प्रकार म्हणता येईल. लहानगा फ्रान्झ एका रात्री पाणी हवे म्हणून कुरकुरत राहिला. धाकदपटशाने तो गप्प बसेना, तेव्हा वडिलांनी त्याला अंथरुणातून उचलले, त्या सज्जात नेऊन उभे केले आणि दार लावून घेतले. अंगात फक्त रात्रीचा सदरा. प्रसंग थोड्याच वेळाचा. पण तो त्याच्या मनातून कधीच गेला नाही. छत्तिसाव्या वर्षी वडिलांना उद्देशून लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात त्याने तो सविस्तर नोंदविला. त्याच पत्रात आणखी एक आठवण आहे. पोहायला गेल्यावर वडील आणि मुलगा कपडे बदलण्याच्या एकाच अरुंद खोलीत शिरत. वडिलांच्या भरदार शरीराशेजारी आपला हडकुळा देह उघडा करताना आणि मग सर्वांसमक्ष बाहेर येताना त्या मुलाला मेल्याहून मेल्यासारखे होई. दार कधी लागावे आणि आपण कोणाच्या नजरेस पडावे, या दोन्ही गोष्टी दुसऱ्याच्या हाती असल्याचा हा त्याचा पहिला अनुभव होता.

१९०६ मध्ये काफ्काने कायद्याची डॉक्टरेट मिळविली. काही महिने एका इटालियन विमा कंपनीत काढल्यावर १९०८ मध्ये तो कामगारांच्या अपघात विम्याचे काम पाहणाऱ्या निमसरकारी संस्थेत रुजू झाला. तेथे तो कामसू आणि वरिष्ठांच्या विश्वासातला अधिकारी होता. लाकूड रंधण्याच्या यंत्रात कामगारांची बोटे कशी तुटतात आणि ती कशी वाचविता येतील, यावर त्याने लिहिलेला अहवाल आजही अभ्यासला जातो. कचेरी सकाळी आठ ते दुपारी दोनपर्यंत. उरलेला वेळ लेखनासाठी मिळावा, ही अपेक्षा. अडचण होती ती घराची.

१९०७ मध्ये काफ्का कुटुंब नदीजवळच्या निक्लास रस्त्यावरील नव्या घरात राहण्यास गेले. या घरात फ्रान्झची खोली एका बाजूला बैठकीची खोली आणि दुसऱ्या बाजूला आई-वडिलांची झोपण्याची खोली, यांच्या मधोमध होती. म्हणजे ती खोली कमी आणि येण्याजाण्याची वाट अधिक. वडील झगा फरफटवीत तिच्यातून आरपार निघून जात. शेजारच्या खोलीत शेगडीतली राख खरवडली जाई, दारे आपटत, वडिलांची टोपी झटकून झाली का, याची चौकशी बहीण मोठ्याने करी. १९११ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने या गोंगाटाचे एक छोटेसे वर्णन रोजनिशीत लिहिले आणि पुढच्या वर्षी ते प्रागच्या एका नियतकालिकात छापूनही आणले, बहिणीच्या नावासह. आपल्या कुटुंबाला चारचौघांत दिलेली ही छोटीशी शिक्षा आहे, अशा आशयाचे त्याने नंतर लिहिले. खासगीपणासाठी तळमळणाऱ्या या माणसाने घरच्यांचे खासगी आयुष्य मात्र बेधडक चव्हाट्यावर मांडले होते, हेही येथे नोंदविले पाहिजे.

जागा मिळत नाही म्हटल्यावर त्याने वेळेची भिंत उभी केली. दुपारी जेवून तो झोपे, संध्याकाळी उठे, उघड्या खिडकीपाशी थोडा व्यायाम, मग फिरणे, मग घरच्यांबरोबर जेवण. रात्री साडेदहा-अकराला सारे घर निजले, की तो लिहावयास बसे, ते पहाटे दोन-तीनपर्यंत. २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहाला बसून सकाळी सहापर्यंत त्याने ‘द जजमेंट’ ही कथा एका बैठकीत पुरी केली. ज्या घरात दिवसा त्याला कोपरा नव्हता, तेच घर रात्री सर्वस्वी त्याचे होई. परीक्षेच्या दिवसांत घर निजल्यावर स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली अभ्यास केलेल्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही.

याच सुमारास त्याच्या आयुष्यात फेलिस बाउअर आली. १३ ऑगस्ट १९१२ रोजी माक्स ब्रॉड या मित्राच्या घरी दोघांची भेट झाली. फेलिस बर्लिनला एका कंपनीत जबाबदारीच्या पदावर होती. पुढील पाच वर्षांत काफ्काने तिला पाचशेहून अधिक पत्रे आणि कार्डे पाठविली. कधी एका दिवसात दोन, कधी तीन. समोरासमोर बोलताना अवघडणारा हा माणूस पत्रात मात्र आपली भीती, दुखणी, लाज, सारे काही उघडे करी. तिच्याकडूनही त्याला तितकेच हवे असे. ती कचेरीत कधी पोहोचते, न्याहारीला काय खाते, कचेरीच्या खिडकीतून काय दिसते, हे तिने कळवावे, असा त्याचा आग्रह होता. खासगीपण जपणारा माणूस घुमा, माणूसघाणा असतो, हा समज या पत्रांपुढे टिकत नाही. काफ्काला स्वतःला लपवायचे नव्हते. कोणापुढे, केव्हा आणि किती उघडे व्हायचे, हे त्याला स्वतः ठरवायचे होते.

नेमका यावरच घाला पडला. १९१२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या कोटात राहिलेले फेलिसचे एक पत्र आईच्या हाती लागले. आईने ते वाचले. एवढ्यावर न थांबता तिने पत्रावरचा पत्ता घेऊन फेलिसला परस्पर पत्र लिहिले. मुलगा नीट जेवत नाही, झोपत नाही, तुमचे तो ऐकेल, तेव्हा तुम्हीच त्याला समजवा. मात्र मी लिहिल्याचे त्याला कळू देऊ नका, अशी विनवणी त्यात होती. पत्रात दुष्टपणाचा लवलेश नाही. वाचताना त्या आईची काळजी कोणालाही जाणवेल. काही दिवसांतच ही गोष्ट फुटली आणि काफ्काच्या संतापाला पारावार उरला नाही. आई-वडिलांकडे आपण छळ करणारे म्हणूनच पाहत आलो, इतक्या टोकाचे त्याने त्या दिवशी फेलिसला लिहिले.

एका पत्राने एवढे काय बिघडले, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्या घरांतही तो हमखास विचारला जातो. घरच्यांपासून लपविण्यासारखे असतेच काय, आणि लपवायचे आहे म्हणजे काहीतरी वावगे असणारच, या दोन समजुतींवर कित्येक घरांत पत्रे फोडली गेली, कप्पे उचकले गेले. आता मोबाइल चाळले जातात. परंतु आईला मुलाच्या पत्रातून कळले काय, यापेक्षा गंभीर बाब वेगळीच होती. मुलाने फेलिसपुढे आपले जे रूप हळूहळू उभे केले होते, त्यात आईने त्याला न विचारता न जेवणारा, न झोपणारा लेकरू उभा केला. प्रत्येक माणूस आईपुढे एक, मित्रापुढे दुसरा आणि प्रेयसीपुढे तिसरा असतो. त्यात खोटेपणा नसतो. ही वेगवेगळी रूपे वेगवेगळ्या ठिकाणी निर्धास्तपणे वावरू शकतात, ती मधल्या भिंतींमुळे. ती भिंत पडली, की माणसाला आपल्याच आयुष्यात परस्वाधीन वाटू लागते.

याच दिवसांत काफ्का ‘मेटामॉर्फोसिस’ लिहीत होता. एका सकाळी किड्यात रूपांतर झालेल्या ग्रेगोर सामसाची ही कथा जगभर वाचली जाते. तिच्यातील घराची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. ग्रेगोरच्या खोलीला तीन दारे आहेत. तो उठत नाही, असे दिसताच एका दारावर आई, दुसऱ्यावर वडील आणि तिसऱ्यावर बहीण थाप मारते. फिरत्या विक्रेत्याच्या नोकरीतली सवय म्हणून तो घरातही रात्री दारांना कुलूप लावून झोपतो, हे त्याला त्या वेळी फार बरे वाटते. पुढे बहीण त्याच्या सोयीसाठीच खोलीतले सामान हलविण्याचे ठरविते, तेव्हा तो निदान भिंतीवरची एक तसबीर तरी वाचावी म्हणून तिला अंगाने झाकून चिकटून बसतो. सारे काही चांगल्या हेतूने चालले आहे आणि त्याची खोली रिकामी होते आहे.

फेलिसशी लग्न करावे, ही काफ्काची मनापासून इच्छा होती. आणि लग्नाची धास्तीही तितकीच. तो लिहीत असताना आपण शेजारी बसून राहू, असे तिने एकदा हौसेने कळविले. त्यावर, लिहिताना कितीही एकांत मिळाला तरी तो अपुराच, असे उत्तर त्याने पाठविले. एखाद्या विस्तीर्ण तळघराच्या अगदी आतल्या खोलीत दिवा आणि लेखनसाहित्य घेऊन राहावे, जेवण कोणी तरी सर्वांत बाहेरच्या दारापाशी ठेवून जावे, असे स्वप्न त्याने तिच्यापुढे रंगविले. होणाऱ्या पत्नीला हे वाचून काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. पण हाच माणूस एकट्या अविवाहिताच्या म्हातारपणाचे भय वाटते, असेही लिहीत होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अर्विन ऑल्टमन यांनी १९७५ मध्ये खासगीपणाविषयी जी मांडणी केली, ती या विसंगतीवर प्रकाश टाकते. त्यांच्या मते खासगीपण हे दार कायमचे बंद ठेवण्यात नसून, ते गरजेप्रमाणे उघडता आणि लावता येण्यात आहे. हवा त्याहून कमी एकांत मिळाला तर माणसाला गर्दी वाटते, जास्त मिळाला तर एकटेपण. काफ्काला आयुष्यभर या दोन टोकांतच हेलकावे खावे लागले.

१९१४ च्या जूनमध्ये बर्लिनला साखरपुडा झाला. दोघांमध्ये निरोप्याचे काम करणारी फेलिसची मैत्रीण ग्रेटे ब्लोख हिच्याशीही काफ्काचा पत्रव्यवहार चालू होता. लग्नाविषयीच्या शंका त्याने तिच्याकडे विश्वासाने बोलून दाखविल्या होत्या. तिने त्या पत्रांतील मजकूर फेलिसला दाखविला. १२ जुलै रोजी बर्लिनच्या एका हॉटेलात फेलिस, तिची बहीण आणि ग्रेटे यांच्यापुढे काफ्काला बसविण्यात आले, आणि त्याचीच वाक्ये पुरावा म्हणून त्याच्यासमोर आली. साखरपुडा मोडला. ग्रेटेची बाजू अगदीच लंगडी होती, असेही नाही. मैत्रिणीची फसगत होऊ नये, हा तिचा हेतू समजण्यासारखा आहे. काफ्काने मात्र त्या बैठकीची नोंद न्यायालय म्हणून केली, आणि दुसऱ्याच महिन्यात ‘द ट्रायल’ ही कादंबरी लिहावयास घेतली. तिच्या आरंभी योझेफ के. हा बँक अधिकारी अंथरुणातून उठण्यापूर्वीच परके लोक त्याच्या खोलीत शिरतात, त्याची न्याहारी खाऊन टाकतात आणि समोरच्या खिडकीतून शेजारी हा सारा प्रकार पाहत राहतात. या कादंबरीत नोकरशाही आणि हुकूमशाही यांची चाहूल अनेकांना लागली. ती खरीच आहे. पण तिचे मूळ एका विश्वासाने लिहिलेल्या आणि भलत्याच हाती पडलेल्या पत्रव्यवहारातही आहे.

पहिले महायुद्ध सुरू झाले, मेहुणा सैन्यात गेला, बहीण मुलांसह माहेरी आली, आणि फ्रान्झला खोली रिकामी करून द्यावी लागली. घराबाहेर राहण्याची वेळ आली तेव्हा त्याने एकतिशी ओलांडली होती. १९१५ मध्ये त्याने प्रथमच स्वतःसाठी भाड्याची खोली घेतली. तेथेही शेजाऱ्यांचे बोलणे, वरच्या मजल्यावरची पावले पाठ सोडीनात. अखेर कानात घालण्याचे मेणाचे बोळे त्याने बर्लिनहून मागविले. खरी शांतता मिळाली ती धाकट्या ओटलामुळे. तिने प्रागच्या किल्ल्याजवळील एका चिंचोळ्या गल्लीत छोटेसे घर भाड्याने घेतले होते. १९१६-१७ च्या हिवाळ्यात काफ्का संध्याकाळी तेथे जाऊन लिही आणि रात्री आपल्या मुक्कामी परते. खोलीचे किंवा बिऱ्हाडाचे नव्हे, तर प्रत्यक्ष स्वतःच्या घराचे दार जगाच्या तोंडावर लावून घेण्यातले सुख त्याने तेव्हा फेलिसला वर्णन करून कळविले. ओटला काय लिहिलेस, असे विचारीत बसत नसे. तिने फक्त जागा दिली. खासगीपण हे असे कोणीतरी दुसऱ्याने द्यावेही लागते.

ऑगस्ट १९१७ मध्ये त्याला रक्ताची गुळणी आली आणि क्षयाचे निदान झाले. फेलिसशी दुसऱ्यांदा ठरलेले लग्न त्या वर्षअखेर कायमचे मोडले. १९१९ मध्ये वडिलांना लिहिलेले शंभराहून अधिक पानांचे पत्र वडिलांपर्यंत कधीच पोहोचले नाही. पुढे त्याच्या कथांचा चेक अनुवाद करणाऱ्या मिलेना येसेन्स्का हिच्याशी त्याचे नाते जुळले. ते टिकले नाही. तरीही १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने आपल्या साऱ्या रोजनिश्या स्वतःहून तिच्या हाती ठेवल्या. आईने एक पत्र वाचले म्हणून घर डोक्यावर घेणारा हाच माणूस. दोन्ही प्रसंगी वाचणारी व्यक्ती जवळचीच होती. फरक एवढाच, की या वेळी दार त्याने आतून उघडले होते.

शेवटचा हिवाळा त्याने डोरा डियामांट या तरुणीबरोबर बर्लिनमध्ये काढला. तेथे लिहिलेल्या ‘द बरो’ या कथेत जमिनीखाली बीळ खोदून राहणारा एक प्राणी आहे. बिळात त्याने कडेकोट बंदोबस्त केला आहे. पण कुठून तरी येणारा बारीकसा आवाज त्याला स्वस्थ बसू देत नाही. कितीही भिंती रचल्या, तरी भय आतच उरते, हे काफ्काला एव्हाना कळून चुकले होते. क्षय घशापर्यंत पोहोचला, डॉक्टरांनी बोलण्यास मनाई केली. अखेरच्या आठवड्यांत तो कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून संवाद साधी. ३ जून १९२४ रोजी व्हिएन्नाजवळील कीर्लिंग येथे त्याचे निधन झाले.

त्याच्या टेबलात ब्रॉडच्या नावे दोन चिठ्ठ्या सापडल्या. मागे राहिलेल्या रोजनिश्या, हस्तलिखिते, पत्रे न वाचता जाळून टाकावीत, असे त्यांत लिहिले होते. ब्रॉडने ते ऐकले नाही. आपण तसे करणार नाही, हे काफ्काला आधीच सांगितले होते, असा त्याचा युक्तिवाद. १९२५ मध्ये ‘द ट्रायल’, १९२६ मध्ये ‘द कॅसल’ प्रसिद्ध झाली. मार्च १९३९ मध्ये नाझी सैन्य प्रागमध्ये शिरत असताना ब्रॉड ही कागदपत्रे बॅगेत घालून निसटला. त्याने तसे केले नसते, तर ती वाचली असतीच असे नाही. डोराजवळची काफ्काची कागदपत्रे गेस्टापोने १९३३ मध्येच नेली आणि ती आजवर सापडलेली नाहीत. काफ्काच्या तिन्ही बहिणी नाझींच्या छळसत्रात मारल्या गेल्या.

ब्रॉडने जगाला कादंबऱ्या दिल्या, त्याबद्दल वाचकांनी त्याचे ऋणी राहावे, यात संशय नाही. पण कादंबऱ्यांबरोबर बाकीचेही बाहेर आले. मिलेनाला लिहिलेली पत्रे १९५२ मध्ये छापली गेली, तेव्हा छळछावणीत अंत झालेली मिलेना ना हो म्हणावयास होती, ना नाही. फेलिसने जपून ठेवलेली पत्रे १९५५ मध्ये प्रकाशकाला विकली. ती १९६७ मध्ये ग्रंथरूपाने आली. ब्रॉडने रोजनिशीतून वगळलेला नाजूक मजकूरही १९९० च्या चिकित्सक आवृत्तीत समाविष्ट झाला. उरलेल्या कागदांच्या मालकीचा खटला इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०१६ मध्ये निकाल लागला आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाने ते कागद इंटरनेटवर खुले केले. आईने कोटातले एक पत्र काळजीपोटी वाचले. जगाने सारी पत्रे कौतुकापोटी वाचली. दोन्हीकडे हेतू चांगला, दोन्हीकडे ज्याचे पत्र त्याची परवानगी नाही. हा लेखही त्याच पत्रांच्या आधारे लिहिला आहे, आणि आपण तो वाचीत आहात.

या साऱ्या कागदांत एक जागा मात्र कोरी आहे. फेलिसने काफ्काला लिहिलेली पत्रे आज शिल्लक नाहीत. ती न्याहारीला काय खाते आणि कचेरीच्या खिडकीतून तिला काय दिसते, हे त्याने विचारल्याचे जगाला ठाऊक आहे. तिने काय उत्तर दिले, हे त्या दोघांपुरतेच राहिले.